फुटबॉल कदी पाह्यला का भाऊ?

हिवाळी अधिवेशन नागपूरले भरलं का आमच्याकडं पराटीची वेचणी चालू असते, मोबाइल बांधावर ठेवून भाषण आयकतो आन दरसाल तेच रडगाणं, "शेतकऱ्याचा फुटबॉल झाला". अरे बाप्पा, फुटबॉलले दोन गोलपोस्ट असतात, नव्वद मिनिटं असतात, लाथ मारली तं तो कुठंतरी जाते तरी! माह्यी नुकसानीची फाइल पाहा, तलाठ्याकडून तालुक्याले, तालुक्यातून बँकेत, बँकेतून परत तलाठ्याकडं, कोपरे तं उंदरानं कुरतडल्यावानी झाले.

आन ते "चेंडू आता केंद्राच्या कोर्टात" म्हणणारे! कोर्ट टेनिसचं असते ना बे. एकाच भाषणात सेल्फ गोल, क्लीन बोल्ड आन कोर्ट, तीन खेळाची खिचडी, वरून सारे बाकं वाजवतात.

२०२२ ले वर्ल्डकपची फायनल १८ डिसेंबरले झाली, ३-३ बरोबरी, मंग पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली, पाहून झोपच नाही आली. दुसऱ्याच दिवशी अधिवेशन सुरू. तिकडं एका रात्रीत निकाल लागला, इकडं घोषणा, गोंधळ, सभात्याग, म्हंजे अख्खी टीमच मैदान सोडून कँटीनमंदी. फुटबॉलात सातपेक्षा कमी गडी उरले तं मॅच होत नाही, इथं रिकाम्या बाकांसमोर कापसावर चर्चा होऊन जाते.

बरं, खऱ्या फुटबॉलचं तरी कोनी बोलते का? आमच्या गावच्या शाळेत एकच हाय, थोही दिवाळीपासून पंक्चर, पोरं त्याच्यात चिंध्या कोंबून खेळतात.