दोन मिसळींची झोंबाझोंबी

राहता फ्लॅट मी पावणेदोन तासांत बुक केला होता. त्यातलाही अर्धा तास बिल्डरच्या ऑफिसातली कोल्ड कॉफी कोणाला हवी आणि कोणाला नको, यात गेला. लग्नाला होकार देताना तर कांदेपोह्यांची बशी रिकामी होईपर्यंतसुद्धा थांबलो नव्हतो. (पोहे कोरडे होते, हेही एक कारण.) असा हा मी गेल्या आठवड्यात एका खरेदीपाशी चार दिवस अडून बसलो. रक्कम दोन मिसळींची. जादा पाव धरून.

वस्तू होती एक व्हिडिओ गेम. नाव 'हाउस ऑफ द डेड', म्हणजे मेलेल्यांचं घर. मूळ खेळ सेगा या जपानी कंपनीचा, नव्वदच्या दशकातला. मोठ्या खोक्यासमोर उभं राहून प्लॅस्टिकच्या बंदुकीने खेळायचा. २०२२ मध्ये त्याला नवी रंगरंगोटी करून घरच्या कॉम्प्युटरवर आणलं आणि आता स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या समर सेलमध्ये तो मातीमोल भावाने लागला होता. हा समर सेल आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो. गॅलरीत तीन दिवसांचे ओले कपडे लटकलेले आणि पडद्यावर उन्हाळी सवलत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, या प्रकाराला रेल शूटर म्हणतात. खेळ तुम्हाला रुळावरून न्यावं तसा नेतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे तुमच्या हातात नाही. तुम्ही एसटीत खिडकीपाशी बसलेले प्रवासी. ड्रायव्हर नेईल तिकडे जायचं. मधेच स्टँडवर गाडी थांबते आणि शेंगदाणेवाले, काकडीवाले, वडेवाले यावेत तसे चहूबाजूंनी मुडदे खिडकीशी येतात. त्यांना एकेक करून नको म्हणायचं. नको म्हणायला हातात बंदूक असते, एवढाच फरक. कंडक्टरने डबल बेल मारली की पुढचा स्टँड.

आता एवढ्याशा गोष्टीसाठी चार दिवस कशाला, तर त्याला इतिहास आहे.

२००३ साल. कोल्हापूर, राजारामपुरी. तासाला वीस रुपये दराचा एक सायबर कॅफे. प्लायवूडची खोपटी, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा. घरी सांगितलेलं असायचं की सीईटीची माहिती बघायला चाललोय. मी आणि माझा मित्र दहा-दहा रुपये काढायचो आणि एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसायचो. माउस माझ्याकडे, कारण माझं बूड खुर्चीवर आधी टेकलेलं. मित्राचं काम ओरडण्याचं. "डावीकडं! आरं डावीकडं बघ की लगा!" त्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. तिच्यावर जगातल्या सगळ्या सीईटी इच्छुकांच्या हातांचा मळ. ऐन गर्दीत ती अडकायची, मग माउस उलटा करून झाकण फिरवायचं, गोळी काढायची, आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा, फुंकर मारायची. तोवर समोरच्या मुडद्याने कुऱ्हाड घालून आमचा निकाल लावलेला. आणि जरा पुढे सरकलोच तर पडद्याबाहेरून काकांची हाक, "पाच नंबर, टाइम झाला!" त्या खेळाचा शेवट आम्ही कधी पाहिला नाही. सीईटीचा पाहिला, त्याबद्दल बोलायला नको.

तर अशी ही जुनी उधारी. ती फेडायची संधी दोन मिसळींत आलेली. सरळ बटण दाबायचं. पण मी आता सायबर कॅफेतला मुलगा नाही, मी आता अभ्यासू ग्राहक आहे.

पहिल्या दिवशी वाचन. लोकांनी अभिप्राय लिहिले होते आणि लिहिणाऱ्यांचे दोन पंथ होते. एका पंथाचं म्हणणं, अहाहा, बालपण परत आलं. दुसऱ्या पंथाचं म्हणणं, पाऊण तासात संपतो हो. गंमत म्हणजे दोघांचंही खरं. मूळ खेळ नाण्यांवर चालणारा. तुम्ही लवकर मरावं किंवा लवकर संपवावं, आणि मागच्या गिऱ्हाइकाने नाणं टाकावं, यावरच दुकानवाल्याचं पोट. म्हणून सगळे मिळून चार टप्पे, तेही घाईघाईत. एका ओसाड वाड्यात डॉक्टर क्युरियन नावाच्या शास्त्रज्ञाने मुडदे उठवलेत, तिथे जायचं, पांढऱ्या कोटातल्या संशोधकांना वाचवायचं, शेवटी मोठ्या राक्षसाला लोळवायचं आणि बाहेर. गोष्ट घडते १८ डिसेंबर १९९८ या एकाच दिवशी. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा यापेक्षा लांबते.

पाऊण तास हा शब्द चिरंजिवांच्या कानावर गेला. वय वर्षं बारा. त्याने मोबाइलवर भागाकार केला. मिनिटाला अमुक रुपये. "बाबा, मी खेळतो ते गेम फुकट आहेत आणि संपतच नाहीत." संपत नाही हा गुण आहे की दोष, यावर मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण त्याचा खेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी बंदूक. बंदुकीचा खेळ माउसने खेळायचा म्हणजे हुरडा काट्याचमच्याने खाण्यासारखं. मग जुन्या बंदुकांचा शोध घेतला, तेव्हा कळलं की त्या आता कोणत्याच घरात चालणार नाहीत. ती बंदूक पडद्यावर काही सोडत नसे, उलट पडद्याचा उजेड टिपत असे. जुन्या डबा टीव्हीत एक किरण वरून खाली ओळीओळीने चित्र रंगवत जायचा. नळीसमोरच्या ठिकाणी तो नेमका कोणत्या क्षणी पोचला, यावरून यंत्राला नेम कळायचा. आताच्या चपट्या पडद्यात तो किरणच नाही, त्यामुळे बंदूक आंधळी. हल्ली कॅमेऱ्याने नेम धरणाऱ्या बंदुका मिळतात म्हणे, पण त्यांची किंमत पाहिली आणि मला एकदम दिसलं की मी मेथीच्या जुडीसाठी फ्रीज घ्यायला निघालोय.

"काय शोधताय रात्रभर?" हिने विचारलं.

"बंदूक."

ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्या आवडीची भरली वांगी होती.

तिसऱ्या दिवशी मी वहावलो. याच खानदानात एक 'टायपिंग ऑफ द डेड' नावाचं अपत्य आहे. त्यात बंदूकच नाही, कीबोर्ड आहे. अंगावर येणाऱ्या मुडद्यासमोर एक शब्द लिहिलेला असतो. तो बिनचूक टाइप केला की मुडदा गार. खेळातली पात्रंसुद्धा गळ्यात कीबोर्ड अडकवून फिरतात, आइस्क्रीमवाल्यासारखी. हे मराठीत आलं तर काय होईल, या विचाराने मला झोप लागेना. समोरून मुडदा येतोय, त्याच्या छातीवर लिहिलंय 'सुऱ्या'. आता तो अर्धा र कुठे असतो हे शोधेपर्यंत सुऱ्याच पोटात. 'ज्ञ'वाला आला तर सरळ मान पुढे करावी. ही म्हणाली, "मला आणून द्या असला गेम. मी मराठी तीसची परीक्षा पास आहे." हे खरं आहे. मिनिटाला ३० शब्द, तेही खुट्ट न होता. घरावर मुडदे चालून आले तर आम्हाला कोण वाचवणार हे त्या रात्री स्पष्ट झालं. पण तो काही सेलमध्ये मराठीत मिळत नव्हता, आणि माझ्या खरेदीचा प्रश्न होता तिथेच.

मधे आईचा फोन. सहज बोलताना तोंडून झोंबी हा शब्द गेला. पलीकडून आवाज एकदम उजळला. "झोंबी? बरं हाय की! तुझं आजोबा मोतीबाग तालमीत जायाचं. आता तू निदान कम्प्युटरवर तरी." मी खुलासा केला की ही कुस्ती नाही, मेलेली माणसं उठून चावायला येतात. "मग चावतेत कशापायी? काय राहिलंय का त्येंचं?" हा प्रश्न एकाही अभिप्रायात नव्हता. आपल्याकडच्या भुतांना काहीतरी हवं असतं. मुंज्याचं लग्न राहिलेलं असतं, वेतोबाला चपला लागतात, कोणाला नारळ, कोणाला कोंबडं. देऊन मिटवता येतं. या परदेशी मुडद्यांशी बोलणीच नाहीत.

चौथा दिवस. सेल रात्री साडेदहाला संपणार होता. (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. तिकडचा माणूस चहा घेत घेत आपल्या तोंडावर शटर ओढतो.) साडेनऊला मी शेवटचा उपाय म्हणून त्या अर्ध्या खुर्चीच्या भागीदाराला फोन लावला. तो आता इचलकरंजीत यंत्रमाग सांभाळतो. मागे मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे दोघंही ओरडून बोलत होतो. म्हणजे अगदी जुन्यासारखंच.

"आठवतंय का रे, राजारामपुरी, पाच नंबर?"

"न आठवायला काय झालं? माझं दहा रुपये हैत तुझ्याकडं अजून."

मी त्याला सगळं सांगितलं. वाडा, डॉक्टर क्युरियन, पाऊण तास, दोन मिसळी. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण लगा, आपण खेळत हुतो त्यो दुसरा भाग. कालव्याचं गाव हुतं त्यात, पाण्यावरनं होडी जायाची. ह्यो पहिला. ह्यो तू कधी खेळलायस?"

मी खेळलो नव्हतो. ज्या वाड्याच्या आठवणीने मी चार दिवस व्याकूळ होतो, त्या वाड्यात माझं पाऊल कधी पडलंच नव्हतं. माझं बालपण दुसऱ्या भागात होतं आणि मी पहिल्याच्या बोलीला बसलो होतो.

"मग घेऊ का नको?"

"घे की! दोन मिसळीत इचार कसला करतोस? आणि माझं दहा रुपये पाठव."

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी मी बटण दाबलं. यूपीआयचा पिन पहिल्यांदा चुकला, कारण हात थरथरत होता. दहा एकोणतीसला वाडा माझ्या नावावर झाला. मित्रालाही दहा रुपये पाठवले. त्याने लगेच अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'व्याज?'

रविवारी दुपारी खेळायला बसलो. शेजारी चिरंजीव, मागे भाजी निवडत ही. दार उघडलं, पहिला मुडदा आला, आणि खरं सांगतो, मजा आली. माउसला गोळी नसल्याने काहीच अडकत नव्हतं. एक हात मात्र उगाच माउस उलटा करायला जात होता. चिरंजीव आधी तुच्छतेने बघत होते, दहाव्या मिनिटाला ओरडायला लागले. "बाबा डावीकडे! डावीकडे बघा ना!" मी माउस त्याच्या हातात दिला. त्याने पहिल्या फटक्यात एका पांढऱ्या कोटातल्या संशोधकाला उडवलं. "अरे, तो आपला माणूस!" मी म्हणालो. "मग असा मध्ये कशाला येतो?" प्रत्येक टप्प्याच्या राक्षसाची दुखरी जागा कुठे आहे हे खेळ आधीच एका चित्रात दाखवतो. ही सोय ऑफिसात का नाही, असं मनात येतंय तोवर एकावर एक राक्षस पडत गेले आणि मॅजिशियन नावाचा शेवटचाही पडला. नावं वर चढायला लागली. बावीस वर्षांनी का होईना, मी कोणत्यातरी भागाचा शेवट पाहिला होता. हिची भाजी अजून निवडून व्हायची होती.

आणि तेव्हा ते लक्षात आलं. दुकानाचा नियम असा की खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि खरेदीला चौदा दिवस झाले नसतील, तर पैसे परत मागता येतात. माझ्या नावापुढे आकडा होता: एक तास चार मिनिटं. पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवलेला खेळ, आणि तरी दोन मिसळी परत मिळण्याचा पूर्ण हक्क.

"म्हणजे मिसळ खाऊन झाल्यावर ताट दाखवून पैसे परत?" हिने विचारलं.

"नियमात बसतं," चिरंजीव म्हणाले.

मी इचलकरंजीला फोन लावला. माग चालू होते, त्याला ऐकू आलं नाही. चूक की बरोबर, यावर आता नीट वाचायला हवं. लोकांचे अनुभव असतील, दोन पंथ असतील. सध्या खेळाला हात लावत नाही, उगाच मिनिटं वाढतील. अकरा दिवस आहेत अजून.