‘डोया’ म्हणणाऱ्यांचं इंग्रजी

खान्देशातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: अहिराणी बोलणाऱ्या पोरांची जीभ जड होते, ती ‘ळ’ला ‘य’ म्हणतात, म्हणून त्यांचं इंग्रजी कधी सुधारत नाही, दोन वाक्यं ऐकली की माणसाचा समाज कळतो, तेव्हा घरात अहिराणी बंद करा.

आधी ळ. डोळ्याचा ‘डोया’ आणि केळीची ‘केयी’ होते, कबूल. पण इंग्रजीत ळ आहेच कुठे? इंग्रजांच्या कानाला आपला खटकतो तो ट आणि ड. ते जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवतात, आपण ती वळवून आणखी मागे नेतो. अमळनेरचा पोरगा हे करतो, तसाच पुण्याचा आणि चेन्नईचाही. मेसेज लिहिणारे साहेब तरी यातून सुटले असतील का, शंकाच आहे.

समाज कळतो, हे अर्धं खरं, आणि गंमत तिथेच आहे. सुरतेत उधना-लिंबायतला कित्येक खान्देशी घरं आहेत. तिथे गुजराती सवंगड्यांत वाढलेल्या पोराच्या तोंडी ‘हॉल’चा ‘होल’ आणि ‘स्नॅक्स’चं ‘स्नेक्स’ होऊ शकतं. धुळ्यातला त्याचा चुलतभाऊ ‘हॉल’च म्हणतो. आजी दोघांची एकच. फरक पडला तो सोबतीने. आणि ओढीनेही पडतो. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांचा अभ्यास १९६३ साली छापून आला. ज्यांना बेटावरच राहायचं होतं, त्यांच्या ‘राइट’, ‘हाउस’मधल्या स्वरांना बेटाचं वळण जास्त होतं, निघून जाऊ पाहणाऱ्यांच्या कमी. भाषा सगळ्यांची इंग्रजीच! आपण कुणातले, हे माणूस असं बोलता बोलता सांगत असतो. जळगावच्या कॉलेजातला पोरगा मुलाखतीत ‘सर’ एका ढंगाने म्हणतो आणि कट्ट्यावर दुसऱ्या, ते उगाच नाही.

राहिली घरातली अहिराणी. २०११च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली १८ लाखांहून जास्त लोक आहेत. एवढ्यांनी गप्प बसायचं? घरी ‘कथा जाई राह्यना?’ (कुठे चाललास?), वर्गात मराठी, बसस्टँडवर हिंदी. आपलं पोर रोज तीन भाषा न गोंधळता बदलतं. चौथी त्याला अडते, कारण ती त्याला डोळ्यांनी शिकवतात. धडा पुस्तकातून, अर्थ मराठीतून, कानावर काहीच नाही. मग ते ‘वेन्झडे’ला ‘वेडनेसडे’ वाचतं आणि कर्जाच्या ‘डेट’मधला मुका ब ठासून म्हणतं. तो ब त्याला आजीने शिकवलेला नाही, स्पेलिंगने शिकवलाय.