वर्नियर कोणाच्या हातात?

बारावीचा निकाल लागला की आमच्या देवगडकडच्या गटांत तो मेसेज फिरतोच. मुलींचं पाठांतर चांगलं, त्यांना बायो द्या. फिजिक्सला डोकं लागतं. पुरावा? सव्वाशे वर्षांत फिजिक्सचं नोबेल फक्त ५ बायकांना. आणि शेवटी, फिजिक्स शिकून पोरगी कोकणात करणार काय?

आकडा खरा आहे. पण सालं बघा: १९०३, १९६३, २०१८, २०२०, २०२३. पहिल्या दोघींत ६० वर्षांचं अंतर, शेवटच्या तिघी ६ वर्षांत. तेवढ्यात बायकांचे मेंदू बदलले म्हणायचे का? शिवाय चिएन-शिउंग वू या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग करून एक नवी कल्पना खरी ठरवली, १९५७चं नोबेल मात्र ती कल्पना मांडणाऱ्या दोघा पुरुषांना. तेही या आकड्यात दिसत नाही.

पाठांतराचं म्हणाल तर खाडीवर या. माझी काकी कालवं काढायला जाते. भरतीचं कोष्टक तिने बघितलेलं नाही. "आज चवथ ना गो? चाराची पावनपट तीन. तीनाक भरती, म्हंजे नवाक सुकती." (तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ; सुकती म्हणजे ओहोटी.) भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, काकीच्या हिशेबात ४५. पंधरवड्यात तासाभराची चूक साचते, अवस-पुनवेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दशमी उलटली की तीच म्हणते, "जरा मागसून येतली." याला पाठांतर म्हणतात होय!

खरी गोम प्रॅक्टिकलला. वीस वर्षं शिकवताना बघतेय: वर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, मुलाच्या हातात, मुलगी वही घेऊन बाजूला, "सांग रे रीडिंग." का, तर तिचं अक्षर चांगलं. गेल्या वर्षी मी अदलाबदल केली. पहिल्याच तासाला एकीने झिरो एरर पकडली, म्हणजे मिटलेलं वर्नियर शून्य दाखवतच नव्हतं. त्याच वर्नियरवर मुलांनी अर्धं सत्र काढलं होतं.

नोकरीचा मुद्दा अगदीच फोल नाही. एमएस्सीला घर सोडावं लागतं, होस्टेलचा खर्च असतो. पण इथे नोकरी मुलग्यालाही नाही. त्याला आपण तुतारी एक्स्प्रेसचं मुंबईचं तिकीट काढून देतो. (आणि कोकणात फिजिक्स नाही असं कोण म्हणतं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे अजून होतात.)

यंदा मला तो मेसेज पाठवला झिरो एरर पकडणाऱ्या मुलीच्याच वडिलांनी. भाऊ, बीएस्सीच्या फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.