पद्मिनीचं पुढचं चाक घासण्याबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. दोन स्टार देताना तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात: स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर अजून घासतो, गाडीचं नाक आधीपेक्षा उंच दिसतं, काम फार लांबलं, आणि दुसरा मेकॅनिक स्प्रिंगमध्ये रबर घालून आणि मडगार्डची कड ठोकून एका दुपारात जे करून देणार होता त्याचं आम्ही एवढं बिल लावलं. उत्तर सगळ्यांसमोर देतोय, कारण जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांपुढे हाच प्रश्न येतो, आणि काहींनी तर आमच्याकडे येण्याआधीच कड ठोकून घेतलेली असते.

आधी घासण्याचं. तुमच्या गाडीत टायर दोन ठिकाणी घासत होता आणि दोन्हींची कारणं वेगळी होती. सरळ जाताना खड्डा लागला की ड्रायव्हरच्या बाजूचा टायर मडगार्डच्या कडेला लागायचा. तो आवाज गेला, हे तुम्हीही लिहिलंय. फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर, येतो तो दुसरा. तो आहेच, आणि तो राहणार हे काम सुरू करायच्या आधी अंदाजपत्रकावर लिहून दिलं होतं. तो स्प्रिंगमुळे येत नाही, टायर आणि अलॉयमुळे (मिश्रधातूच्या रिममुळे) येतो.

ही गाडी मुळात 5.20-14 मापाच्या टायरवर यायची. आज रेडियलमध्ये तिला जवळचं माप 155/80 आर14. तुम्ही बसवलेत 185/70 आर14. व्यास बघितला तर 604 मिलिमीटरच्या जागी 615, म्हणजे वरच्या बाजूला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्यानं फारसं बिघडत नाही. पण रुंदी 30 मिलिमीटरनं वाढली, आणि अलॉयचं माप असं आहे की चाक मूळ डिस्कपेक्षा (कंपनीच्या रिमपेक्षा) बाहेर बसतं. बाहेर बसलेलं चाक वळताना किंगपिनभोवती, म्हणजे ते ज्या खुंटीवर वळतं तिच्याभोवती, मोठा घेर घेतं आणि टायरचा खांदा मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला जाऊन टेकतो. गाडी आणखी दोन बोटं उचलली तरी हा कोपरा सुटणार नाही. लॉकचा स्टॉप पुढे घेऊन चाक कमी वळेल असं करता येतं, काही जण करतातही. आम्ही केलं नाही. पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी पेठेतल्या गल्लीत आधीच जोर लावून वळवावी लागते, तिचं वळणं आणखी कमी करणं आम्हाला पटत नाही.

आता उंचीबद्दल जरा सविस्तर, कारण खरं काम तिथेच होतं. गाडी आली तेव्हा नाक खाली आणि शेपूट वर होती. पुढच्या स्प्रिंगा बसल्यात असं कोणीही म्हणालं असतं, आणि ड्रायव्हरच्या बाजूची बसलेली होतीही. पण आम्ही उंची जमिनीपासून मोजत नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो, म्हणजे टायरचं माप आणि हवा यांचा गोंधळ होत नाही. गाडी सपाट फरशीवर घ्यायची, चारही कोपरे दाबून सोडायचे, मग टेप लावायची. तशी मोजली तेव्हा मागची बाजू डावीकडे आणि उजवीकडे वेगळी निघाली. मग डावी-उजवी बाजू एकमेकींना जोडणारा स्टॅबिलायझर रॉड सोडवला आणि मागचा एक्सल मधोमध जॅकवर घेतला. असं केलं की मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पुढच्या कोपऱ्यांना तिरके ढकलू शकत नाहीत आणि पुढच्या स्प्रिंगांची स्वतःची उंची कळते. पुढचा डावा-उजवा फरक तिथेच निम्म्यावर आला. म्हणजे निम्मा दोष मागच्या पाट्यांचा होता! पूर्वी कोणीतरी सामान वाहायला डाव्या बाजूला एक जादा पाटा घातला होता. गाडी अशी नाकावर झुकली की कॅस्टरही, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोनही, कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही अशी तुमची जी जुनी तक्रार होती, तिचं एक मोठं कारण हेच.

तो पाटा काढल्यावर मागची बाजू खाली आली, नव्या स्प्रिंगांनी पुढची वर आली. नाक उंच वाटतंय ते यामुळे. गाडी आता जवळपास समतल उभी आहे, आणि पद्मिनी उभी राहायची ती अशीच. इतकी वर्षं झुकलेली गाडी बघितल्यावर हे वेगळं दिसणार, मला समजतं. शिवाय नव्या स्प्रिंगा चालल्यावर थोड्या बसतात.

रबराबद्दल मी आडपडदा न ठेवता सांगतो. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढे वेढे काम करायचे थांबतात आणि त्यांचा भार उरलेल्यांवर जातो. आठ वेढे काम करत असतील आणि एक बंद झाला, तर स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते. गाडी वर येते, पण प्रत्येक खड्डा किंगपिन, आर्मचे बुश (सांध्यांतले रबर) आणि चेसिसच्या जोडांवर आदळतो. आणि मडगार्डची कड ही शोभेची पट्टी नाही. ती दुमडलेली असते म्हणून पत्रा ताठ राहतो. ती ठोकली की रंगाला आतून बारीक चिरा जातात, पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज बाहेर दिसतो. तुमच्या गाडीचे पुढचे मडगार्ड मूळचे आहेत, कंपनीचे. तसा पत्रा परत मिळत नाही. वडिलांची गाडी म्हणून तुम्ही ती इतकी जपलीत, तिच्यावर हातोडा आमच्याकडून चालला नसता.

वेळ लागला तो स्प्रिंगांमुळे. पहिली जोडी आली तिची तार जाड होती. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो: 12 मिलिमीटरची तार 12.5 झाली तर तेवढ्यानं 18 टक्के. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून आम्ही बारीक माप घेणारा व्हर्नियर लावतो. ती जोडी परत पाठवली आणि जुळणारी येईपर्यंत थांबलो. तेव्हा तुम्हाला फोन करून सांगितलंही होतं. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता जे मिळतं ते मोजून, पारखूनच घ्यावं लागतं, आणि यापुढे ते आणखी अवघड होत जाणार याची मला खरी काळजी वाटते.

बिलात दोन्ही टोकांचं खोलकाम, नव्या स्प्रिंगा, पुढचे रबरी बुश, मागच्या पाट्यांची जुळणी आणि अलाइनमेंट आहे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. काढलेला पाटा, जुन्या स्प्रिंगा आणि आधीची-नंतरची मापं गॅरेजमध्ये ठेवली आहेत, केव्हाही येऊन बघा.

स्प्रिंगा बसायला हजारेक किलोमीटर जाऊ द्या. मग गाडी आणा, चारही कोपरे पुन्हा मोजून अलाइनमेंट करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. तुमच्या मूळ डिस्क घरी पोत्यात बांधलेल्या आहेत असं तुम्ही म्हणाला होतात, त्यातल्या दोन सोबत आणा. आमच्याकडचे 155/80 चे टायर त्यांवर चढवून पुढे लावू, आणि तुम्ही स्वतः दोन्हीकडे फुल लॉक मारून बघा. नंतर अलॉय ठेवायचे की मूळ डिस्क, ते तुम्ही ठरवा. येताना टाकी साधारण अर्धी असू द्या, डिकीतलं सामान काढून ठेवा, आणि सकाळी लवकर या, म्हणजे गार टायरमध्ये हवा मोजता येईल.