शहाण्या पालकाने कागद मागू नये

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळेत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्क्यांच्या मोफत जागेवर मूल घालताय? मग पहिली ते आठवी, आठ वर्षं शहाण्यासारखं नांदायचं कसं, ते ऐका.

अर्ज भरताना नकाशावरचा लाल फुगा शाळेच्या जवळ ओढा. घर थोडंच हलतंय? पडताळणीत पत्ता जुळला नाही की लागलेला नंबर जातो, एवढंच.

जातीचा दाखला हातात असला तरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घाला. १ लाखाची अट दुर्बल घटकाला आहे, वंचित गटाला नाही, हे कुणी सांगितलं तर कानावर हात ठेवा.

‘मुलाशी जरा बोलून बघू’ म्हणून मॅडम आत नेतील. भांग पाडून पाठवा. प्रवेशासाठी चाचणी घेतली तर कलम १३ प्रमाणे शाळेला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण मॅडम किती गोड विचारतात!

आता पैशांचं. परवाच एका शाळेच्या खिडकीतून एका आईच्या हातात चतकोर चिठ्ठी सरकवली गेली. पेन्सिलीने लिहिलेलं : ६,५००. लेटरहेड नाही, सही नाही, शिक्का नाही. तुम्हालाही मिळेल. कशाचे म्हणून विचारू नका. अ‍ॅक्टिव्हिटीचे, स्मार्ट क्लासचे, गॅदरिंगचे, काहीही असतील. पावती तर मागूच नका. पावती फाडली की शाळेनेच पुरावा दिला ना! कलम ३ म्हणतं, ज्या शुल्कापायी मुलाचं शिक्षण अडेल असं कुठलंही शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. शाळा म्हणेल, या मुलांच्या फीचा परतावा सरकार देत नाही. खरंय, थकतो. मग मागा की सरकारकडे! तो हिशेब शाळा आणि सरकारचा, धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईचा नाही. आणि पैसे आले नाहीत म्हणून सहा वर्षांच्या पोराला वर्गात उभं करायचं, हजेरीपटावर नावापुढे कंसात ‘आरटीई’ लिहायचं, निकाल अडकवायचा? कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं. नुसतं छडीचं नाही ते कलम.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा केला? छान, गर्दी कमी.

तक्रार तोंडीच करा, तीही शिपायाकडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला या २५ टक्क्यांच्या जागांतून मोकळं केलं होतं. कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून १९ जुलैला उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तुम्ही मात्र घरीच बसा.

बास झालं. अहो, तोंडी नकाराला काडीची किंमत नसते, हे कधी कळणार तुम्हाला? अर्ज दोन प्रतींत लिहा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नाहीत? स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. मग तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. कलम ३२ खाली लेखी तक्रारीवर ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. आणि पूर्ण फी भरणाऱ्यांनो, ‘त्या मुलांमुळे’ म्हणत ग्रुपवर कुजबुजणं बंद करा, लाज वाटू द्या जरा. त्या आईने ती चिठ्ठी चुरगाळून पर्समध्ये टाकली. फेकू नका हो ती. आधी फोटो काढा.