दहा मिनिटांच्या ईईजीत दारूचे व्यसन दिसते का?

गेले काही दिवस एक मजकूर समाजमाध्यमांवर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : डोक्याला तारांची टोपी बसवून दहा मिनिटांचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढला की माणूस दारूच्या आहारी गेला आहे की नाही, हे संगणक ९८ टक्के अचूकपणे सांगतो, व्यसनी माणूस खोटेच बोलतो, तेव्हा त्याला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, आणि म्हणून नोकरीपूर्वी, शक्यतो लग्नापूर्वीही, ही चाचणी सक्तीची करावी. ही विधाने निव्वळ थापा असती तर उत्तर देण्याची गरज नव्हती. अडचण अशी आहे की त्यांच्या मुळाशी खरे संशोधन आहे.

पहिले विधान मेंदूच्या लहरीविषयी आहे. ज्या लहरीचा आधार घेतला जातो तिला पी-३०० म्हणतात. केसांना तेल न लावता आलेल्या माणसाच्या डोक्यावर जेली लावून इलेक्ट्रोड बसवतात आणि कानांत एकाच पट्टीतला टक्‌-टक्‌ आवाज सोडतात; मधूनच एखादा वरच्या पट्टीतला आवाज येतो आणि तो ओळखून बटण दाबायचे असते. हा वेगळा आवाज आल्यापासून साधारण ३०० मिलिसेकंदांनी टाळूच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर विद्युतदाबाची एक लाट उमटते. ती एका वेळच्या नोंदीत धड दिसतही नाही; अनेक वेळच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. दारूवर अवलंबून असलेल्यांच्या गटात ही लाट सरासरीने बुटकी असते, हे वारंवार आढळलेले आहे आणि त्याबद्दल वाद नाही.

पण याच विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग पाहा. १९८४ साली न्यूयॉर्कमधील हेन्री बेग्लायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ७ ते १३ वर्षे वयाचे मुलगे तपासले होते. त्यांचे वडील दारूचे व्यसनी होते, मुलांनी मात्र दारूला स्पर्शही केलेला नव्हता, आणि तरीही त्यांची पी-३०० लाट इतर मुलांपेक्षा बुटकी निघाली. या मजकुराचे समर्थक हाच प्रयोग पुरावा म्हणून पुढे करतात, याचे मला नवल वाटते, कारण तो त्यांच्याच दाव्याची पाळेमुळे खणतो. ज्याने आयुष्यात थेंबही घेतलेला नाही त्याच्यातही जी खूण सापडते, ती पिण्याची किंवा व्यसनाची खूण असू शकत नाही. फार तर ती घराण्यातून आलेल्या जोखमीची खूण ठरेल. त्यातही हीच लाट स्किझोफ्रेनियात बुटकी असते, अवधान टिकत नसलेल्या मुलांत बुटकी असू शकते आणि वय वाढेल तशी सर्वांचीच खाली येते.

ईईजीतील बीटा, म्हणजे जलद, लहरींचेही असेच आहे. व्यसनी गटात त्या अधिक आढळतात हे खरे. पण दारू सोडवताना थरथर आणि फिट टाळण्यासाठी लोरॅझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडच्या ज्या गोळ्या देतात, त्यांनीही बीटा लहरी वाढतात. म्हणजे उपचार सुरू झालेल्या रुग्णाचा आलेख वाचताना यंत्र दारू वाचते आहे की सकाळची गोळी, हा प्रश्न उरतोच.

आता ९८ टक्क्यांकडे वळू. असे आकडे सांगणारे अनेक निबंध एकाच जुन्या माहितीसंचावर उभे आहेत. तो बेग्लायटर यांच्याच प्रयोगशाळेतला असून त्यात १२२ माणसांच्या, ६४ इलेक्ट्रोडवरून सेकंदाला २५६ वेळा मोजलेल्या नोंदी आहेत. एकेका माणसाच्या सेकंदभराच्या अनेक नोंदी असतात. त्या सगळ्या एकत्र कालवून काही संगणकाला शिकवण्यासाठी आणि उरलेल्या परीक्षेसाठी ठेवल्या, तर परीक्षेतही तीच माणसे येतात. मग संगणक व्यसन ओळखत नाही, ओळखीचा मेंदू ओळखतो. प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी वाटून घेतलेल्या परीक्षेत ९८ गुण पडले तर त्याचे कौतुक आपण कितपत करू?

तरीही वादासाठी ९८ टक्के खरे धरू. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.७ टक्के भारतीय दारूवर अवलंबून आहेत. या हिशेबाने १,००० माणसांत २७ जण निघतील. चाचणी त्यांतले २६ पकडेल. उरलेल्या ९७३ निरोगी माणसांपैकी २ टक्के, म्हणजे १९ जणांवरही तीच व्यसनी म्हणून शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या ४५ जणांत १९ निर्दोष. सरसकट सगळ्यांची चाचणी करा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

‘प्रश्न विचारण्यात अर्थ नाही’ हे तिसरे विधान निदान म्हणजे काय हेच विसरते. दारूवरचे अवलंबित्व ठरते ते पिण्यावरचा ताबा सुटण्यावरून, घर आणि काम मागे पडून दारू पुढे येण्यावरून, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढत जाण्यावरून आणि थांबवल्यावर होणाऱ्या त्रासावरून. यांतले काहीही टाळूवर उमटत नाही. ते विचारूनच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत १० प्रश्न आणि ४० गुण आहेत, आणि ८ किंवा अधिक गुण आले की पुढची चौकशी करायची असते. रुग्ण लपवतो हे मान्य. म्हणून तर बायकोला, आईला, भावाला विचारतात, यकृतातील जीजीटी या विकराची पातळी पाहण्यासारखी रक्ततपासणी करतात, सकाळी उठल्यावर हात पुढे करायला सांगून थरथर पाहतात. रक्ततपासणीही पिणे दाखवते, व्यसन नव्हे, पण निदान ती दारूबद्दल तरी काही सांगते. एमआरआय यंत्रात दारूचे चित्र दाखवून मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याचे प्रयोगही गटांची तुलना करण्यापुरतेच उपयोगी आहेत. त्याच माणसाला पुन्हा तपासले तर आकडे पुरेसे जुळत नाहीत.

सक्तीबद्दल फार लिहायला नको. सेल्वी खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय ब्रेन मॅपिंग, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून आरोपीची चाचणी, करण्यास मनाई केली. तो निकाल गुन्ह्याच्या तपासापुरता आहे, हे खरे. पण खुनाच्या आरोपीवर जी सक्ती चालत नाही ती नवरदेवावर कशी चालावी? शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या गैरवापराशी निगडित स्थितीही धरल्या आहेत, आणि आजार ठरवताना मान्य वैद्यकीय निकष लावायला सांगितले आहे. त्या निकषांत ईईजी नाही.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात ईईजी काढतात, पण वेगळ्या कारणाने. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ती अपस्माराची की दारू सुटल्याची, हे पाहायचे असते. दारू सुटल्याने फिट आलेल्या रुग्णाचा नंतर काढलेला आलेख बहुधा नॉर्मल असतो. व्यसन इतके तीव्र की एक दिवस दारू मिळाली नाही तर झटके येतात, आणि रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’ एवढाच शेरा.