सतरा रंगांचं चक्र आणि मुकादमाची वही

मागच्या रविवारी फॅमिली ग्रुपवर भाच्याने फोटो टाकला. पुण्यात एमबीए करतोय, कॉलेजने टेकडीवर झाडं लावली, याच्या हातात फलक, 'एसडीजी १३', म्हणजे यूएनच्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांतलं तेरावं, हवामानाचं. लगेच काकांचा मेसेज, झाडं लावून पॅकेज वाढतं का रे? मग जुंपली. निम्मे म्हणे ही सगळी नाटकं, निम्मे म्हणे परदेशात बघा कसं मनापासून करतात, आणि मला टॅग.

आता मी रॉटरडॅमला सात वर्षं आहे, इथल्याच एका बिझनेस स्कूलमधून नोकरी सांभाळून एमबीए केलंय, म्हणून सांगतो, आमच्या लॉबीत एसडीजीचं सतरा रंगांचं चक्र भिंतभर होतं. सप्लाय चेनच्या तासाला टोमॅटोची केस आली. किलोमागे गॅस किती, वीज किती, ट्रक किती, कार्बन किती, सगळं काढलं, आणि मजुरी? एक ओळ. तिथून गाडीने अर्ध्या तासावर वेस्टलँडची काचघरं आहेत, पोलंड-रोमेनियाची माणसं तिथे राबतात, बऱ्याच जणांना काम एजन्सी देते आणि खोलीही तीच देते, म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं. वर्गात यावर कोणी चकार शब्द काढला नाही, मीपण नाही, खोटं कशाला बोलू.

मला मात्र मुकादम आठवला, ऊसतोडीला मजूर पुरवणारा. मी नगर जिल्ह्यातला, ऊसतोडीच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, बघतच मोठा झालो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, खाडा झाला, म्हणजे एक दिवस चुकला, की पैसे कट. खाडा नको म्हणून बीडकडच्या बायकांनी गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेतल्या, २०१९ ला हे किती गाजलं. आरोग्य, बायकांची समानता, धड काम, यूएनची तीन उद्दिष्टं त्या एका फडात सापडतील. पण साखरेच्या कॉस्टिंगमध्ये ती 'तोडणी-वाहतूक' या एका आकड्यात गडप होतात.

आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामाला, घालावे लागतात, आणि कॉलेजंही त्या दोनाचंच बघतात, उरलेला ९८ कुठून आला ते कोण विचारणार. यूएनने बिझनेस स्कूलांसाठी जबाबदार शिक्षणाची तत्त्वं २००७ लाच काढली, शेकडो स्कूलांनी सह्या केल्या. सही करायला काय जातंय. माझं म्हणणं एवढंच की 'सस्टेनेबिलिटी' नावाचा ऐच्छिक पेपर नको, उचल आणि खाडा थेट कॉस्टिंगच्या पेपरात आणा, मार्कांसकट. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट चालवणारे धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन होतेच की, प्राध्यापक माणूस विखे पाटलांबरोबर थेट कारखाना उभा करायला गेला. (ऊस तोडणारा मात्र सभासद झाला नाही, सभासद ऊस पिकवणारा. तेही शिकवा.)

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर काकांनी नुसता अंगठा टाकला. भाच्याचा वेगळा मेसेज आला, मामा मग प्रोजेक्टला काय घेऊ? म्हटलं एखाद्या मुकादमाकडे जा, हंगामाची वही बघायला माग, एका कोयत्याचा हिशोब मांड. तो म्हणाला गाइड म्हणतात ईव्हीवर, म्हणजे विजेच्या गाड्यांवर कर, प्लेसमेंटला बरं पडतं. बघतो म्हणाला.